सगळ्या वस्तू काढून घेतल्या तर जागा आणि वेळ उरेल का? हा प्रश्न घरच्या घरी कसा हाताळायचा

मे महिन्यात दुपारी लाइट गेली की आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात एकदम कान मोकळे होतात, यंत्रमागांचा खडखडाट एका झटक्यात बंद, आणि मग कळतं की आपण सकाळपासून तो आवाज ऐकतच होतो. लहानपणी सुट्टीत मी मामांच्या कारखान्यात जाऊन बसायचे. एकदा अशीच लाइट गेली, धोटा (आडवं सूत घेऊन धावतो तो) ताण्याच्या, म्हणजे उभ्या सुतांच्या, मधेच अडकून राहिला, आणि मी मामांना विचारलं किती वाजले. मामा म्हणाले, घड्याळ बघ की भिंतीवरचं. मी म्हटलं ते पण बंद पडलं तर? मग ऊन बघायचं. आणि ऊन पण थांबलं, सगळंच थांबलं तर? मामांनी खांद्यावरच्या टॉवेलनं घाम पुसला आणि म्हणाले, मग कोण विचारणार आणि कोण सांगणार.

ते उत्तर मला तेव्हा पुरलं नाही, आजही पुरत नाही. विचारणारं कुणी नसलं, हलणारं काहीच नसलं तरी वेळ जात असेल का, आणि सगळ्या वस्तू उचलून नेल्या तर मागं रिकामी जागा राहील का, यावर मोठमोठी माणसं भांडलेली आहेत. पण हा प्रश्न फक्त मोठ्या माणसांचा नाही. एक बादली, एक काठी, थोडी सुतळी आणि गच्ची एवढं असेल तर तुम्ही स्वतः बऱ्यापैकी लांब जाऊ शकता. मी कसं केलं ते सांगते, दोन-तीन सुट्टीचे दिवस हाताशी ठेवा.

सुरुवात शब्दांपासून करा. आपल्या मराठीत हा प्रश्न रोजच्या बोलण्यात बसलेलाच आहे. 'गाडी यायला अजून अवकाश आहे' म्हणतो तेव्हा अवकाश म्हणजे वेळ, आणि 'अवकाशात यान सोडलं' म्हणतो तेव्हा तोच अवकाश म्हणजे जागा. अंतर पण तसंच, सोलापूर-पंढरपूरमध्ये अंतर असतं आणि दोन भावंडांच्या वयात पण असतं. एक कागद घ्या, त्यावर असे शब्द लिहा, पुढं, मागं, जवळ, लांब, आधी, नंतर, मधे, थोरला, धाकटा. आता प्रत्येक शब्दासमोर 'कुणापेक्षा' किंवा 'कशाच्या' असं लिहून बघा. एकही शब्द एकट्यानं उभा राहत नाही, प्रत्येकाला दुसरं काहीतरी लागतंच. लाँड्री दत्त चौकाच्या पुढं, आत्याचं लग्न पुराच्या आधी. म्हणजे जागा हे वस्तूंचं आपसातलं नातं आणि वेळ हे घटनांचं आपसातलं नातं, एवढंच, असं वाटायला लागतं.

थांबा मात्र, कारण ह्याच शब्दांवरून वैशेषिक दर्शनवाल्यांनी, म्हणजे कणादांच्या जुन्या भारतीय तत्त्वज्ञान-परंपरेनं, बरोब्बर उलटा निष्कर्ष काढला होता. कणादांच्या सूत्रांत आधी-नंतर, एकाच वेळी, सावकाश, झटकन हे जे आपल्याला जाणवतं त्यालाच काळाची खूण म्हटलंय. त्यांचा मुद्दा साध्या भाषेत असा, की थोरल्या भावाचं अंग कितीही तपासा, हाड, मांस, केस, त्यात 'थोरलेपणा' नावाचं काही सापडत नाही. मग तो येतो कुठून? तर दोघांचाही ज्याच्याशी संबंध आहे असं तिसरं काहीतरी असलं पाहिजे, तो काळ. म्हणून त्यांच्या नऊ द्रव्यांच्या यादीत पृथ्वी, पाणी, तेज, वायू, आकाश यांच्या रांगेत काळ आणि दिशा पण स्वतंत्र द्रव्यं म्हणून बसलेत. आणि याच मातीतला बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन विचारतो, की काळ जर वस्तूंच्या आधारानं असेल तर वस्तू नसताना काळ कुठला? कागद एकच, पण दोन्ही बाजूंचे लोक त्यावर हक्क सांगतात. तो जपून ठेवा, पुढं लागतो.

आता काठी. हिवाळ्यात करा, कारण मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि जुलैच्या शेवटी सोलापुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावलीच गायब होते, ते बघायला भारी आहे पण या कामाला उपयोगाचं नाही. गच्चीवर सपाट जागी हातभर उंचीची काठी सरळ उभी करा (कुंडीतल्या मातीत खोचली तर हलते, विटांत पक्की धरा आणि ओळंब्यानं तपासा), बुडाभोवती खडूनं मोठं वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते, आखडत आखडत तिचं टोक वर्तुळाला टेकतं तेव्हा वेळ लिहा, दुपारनंतर लांबत जाताना परत टेकतं तेव्हा लिहा. दोन्हीचा मध्य काढला की ती तुमच्या गच्चीवरची खरी दुपार. आपले जुने ज्योतिषी शंकू म्हणून हेच वापरायचे. नुसती सर्वात आखूड सावली शोधत बसू नका, भर दुपारी ती इतकी हळू बदलते की पाच-दहा मिनिटं सहज चुकतात.

डिसेंबरच्या शेवटी केलंत तर उत्तर साधारण 12 वाजून 26 मिनिटं येईल. कारण आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, सोलापूर 75.9 च्या आसपास, आणि पृथ्वी एक अंश फिरायला 4 मिनिटं घेते. म्हणजे घड्याळातले बारा ही 1906 पासून चालत आलेली ठरवाठरवी आहे, इथल्या सूर्याचे बारा नाहीत. इथंच बरेच जण खूश होऊन म्हणतात, बघा, वेळ माणसानं बनवली! घाई करू नका. तेच वर्तुळ नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात करा, दुपार 12:10 च्या सुमारास येईल. फेब्रुवारीच्या मध्यात करा, 12:40 च्या सुमारास. काठी तीच, गच्ची तीच, आणि अर्ध्या तासाचा फरक. पृथ्वीची कक्षा लंबगोल आहे आणि तिचा आस कललेला आहे त्यामुळं सूर्याचे दिवस सारख्या लांबीचे नसतात.

मग घड्याळ चुकलं की सूर्य? हाच प्रश्न न्यूटननं 1687 च्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथात धरला. तो म्हणतो की खगोलशास्त्रज्ञ सूर्याच्या दिवसांत दुरुस्ती करतात, आणि दुरुस्ती करता येते म्हणजे ज्याच्याशी जुळवून बघायचं असं काहीतरी खरं, एकसारखं वाहणारं आहे, कुठल्याही वस्तूकडं न बघता वाहणारं. मला हा त्याचा युक्तिवाद फार ताकदीचा वाटतो, लोक तो पटकन उडवून लावतात तसं करू नये. पण त्याची परीक्षा करा. सूर्य घड्याळानं दुरुस्त केला, घड्याळ कशानं? लंबकानं, मग क्वार्ट्झनं, मग 1967 पासून सीझियमच्या अणूनं, 9,19,26,31,770 कंपनं म्हणजे एक सेकंद. प्रत्येक वेळी एका बदलाला दुसऱ्या, जास्त भरवशाच्या बदलानं तपासलं. शुद्ध काळाशी थेट जुळवून कुणीच बघितलेलं नाही. याचा अर्थ तो नाहीच असा होत नाही बरं का, एवढाच होतो की मोजताना तो कधी हाताला लागत नाही. मोजता येत नाही आणि अस्तित्वात नाही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वाद घालताना सगळ्यात जास्त गोंधळ इथंच होतो.

पुढची पायरी डोक्यातच करायची. अख्खं सोलापूर, सिद्धेश्वर तलाव, भुईकोट किल्ला, सगळे माग, सगळी पृथ्वी, सूर्य, तारे, सगळं एकदम तीन फूट पूर्वेला सरकवा. काय बदललं? अंतरं तीच, सावल्या त्याच, मोजायची टेप पण तीन फूट सरकलेली. किंवा सगळं विश्व जसंच्या तसं एक तास आधी सुरू झालं असतं तर? गड्ड्याची यात्रा संक्रांतीलाच आली असती, नंदीध्वज त्याच रस्त्यानं गेले असते. जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझनं हेच धरून न्यूटनच्या बाजूनं लिहिणाऱ्या सॅम्युअल क्लार्कला घेरलं, 1715 आणि 1716 मध्ये दोघांची पाच-पाच पत्रं झाली, आणि पाचव्यानंतर लायब्निझ वारला म्हणून थांबलं. त्याचं म्हणणं, ज्यानं काडीचाही फरक पडत नाही ते दोन वेगळे प्रकार नाहीतच, एकालाच दोन नावं दिलीत. जागा म्हणजे एकत्र असलेल्या गोष्टींची रचना आणि काळ म्हणजे एकामागून एक येणाऱ्या गोष्टींची रचना.

इथून एक हत्यार घ्या आणि शेवटपर्यंत सोडू नका: 'जागा स्वतंत्र आहे का' असा गोळीबंद प्रश्न विचारायचा नाही, 'वस्तू बाजूला केल्यावर फरक कुठं उरतो' असं विचारायचं. सगळं सरकवण्यात फरक उरला नाही, तिथं लायब्निझ जिंकला असं मी तरी मानते. आता बादली.

बादलीचा प्रयोग पाणी येण्याच्या दिवशी करा, आपल्याकडं नळाला रोज पाणी नसतं, आणि साठवलेलं पाणी प्रयोगाला घेतलं की घरात बोलणी बसतात. स्टीलची बादली चांगली, अर्धी भरा. पाळण्याची किंवा झोक्याची कडी असेल तिला चार-पाच हात सुतळी दुहेरी करून बांधा, बादलीच्या कडीच्या बरोबर मध्यावर गाठ मारा, नाहीतर ती कलते आणि पाणी हिंदकळतं. पाण्यावर चिमूटभर हळद टाका म्हणजे पाणी फिरतंय की नाही ते दिसेल. आता बादली एकाच बाजूला गोल गोल फिरवत सुतळीला पीळ भरत न्या, चाळीस-पन्नास वेढे, सुतळी आखडली की हातानं धरून ठेवा. पाणी पूर्ण शांत होईपर्यंत थांबा, हळद जागेवर थांबली पाहिजे. मग सोडा.

वाकून बघा, आणि नीट बघा, कारण सगळं या मिनिटभरात आहे. आधी बादली गरगर फिरते पण हळद जागच्या जागी. बादली आणि पाणी यांच्यातला फरक इथं सगळ्यात जास्त आहे, आणि पाणी? सपाट, आरशासारखं. हळूहळू बादली पाण्याला ओढते, हळद फिरायला लागते, आणि मधे खळगा पडायला लागतो, कडेनं पाणी चढतं. थोड्या वेळानं पाणी बादलीच्याच वेगानं फिरतं, म्हणजे बादलीच्या हिशोबानं पाणी स्थिर, आणि खळगा सगळ्यात खोल. वीतभर रुंदीची बादली सेकंदाला एक फेरी मारत असेल तर मधलं पाणी कडेपेक्षा जवळपास 3 सेंटीमीटर खाली जातं. आता झटकन बादली पकडा. बादली थांबली, पाणी अजून फिरतंय, खळगा अजून आहे.

म्हणजे बादलीशी असलेल्या नात्यावरून खळग्याचं काही ठरत नाही. नातं जोरात, खळगा नाही, नातं शून्य, खळगा पूर्ण. मग पाणी कशाच्या तुलनेत फिरतंय हे पाण्याला कळतं कसं? न्यूटन म्हणाला, जागेच्याच तुलनेत, आणि हा प्रयोग आपण स्वतः केलाय असंही त्यानं लिहिलंय. मी पहिल्यांदा केला तेव्हा बाथरूमच्या दारात कितीतरी वेळ बसून राहिले होते, कारण सगळं विश्व तीन फूट सरकवलं तरी फरक पडत नव्हता आणि इथं साधी बादली फिरवली तर फरक डोळ्यांनी दिसत होता.

नातंवाल्यांचं, म्हणजे लायब्निझच्या बाजूच्यांचं, उत्तर यायला बराच काळ लागला. भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माखनं 1883 मध्ये म्हटलं, की बादलीची भिंत पातळ आहे म्हणून तिचा परिणाम दिसत नाही, ती कित्येक मैल जाड असती तर काय झालं असतं कुणी सांगावं? पाणी फिरतंय ते दूरच्या ताऱ्यांच्या, विश्वातल्या सगळ्या वस्तुमानाच्या तुलनेत. हे ऐकायला सुंदर आहे. पण हत्यार वापरा, वस्तू बाजूला करा. तारे नसलेल्या विश्वात एकच बादली फिरली तर खळगा पडेल का? माख म्हणेल हा प्रश्नच विचारू नका, असं विश्व आपल्याला मिळणार नाही. मला ते पटत नाही, न मिळणारी विश्वं विचारात घेतल्याशिवाय हा विषय एक पाऊलही सरकत नाही. (चपलेचं पण करून बघा: रिकाम्या विश्वात एकच चप्पल, ती डाव्या पायाची की उजव्या? जर्मन तत्त्वज्ञ कांटनं 1768 मध्ये हेच हातावरून विचारलं होतं. अंगठा ते टाच, बोट ते पट्टा, सगळी अंतरं डाव्या-उजव्या दोन्हींत सारखीच.)

बादलीनंतर आइन्स्टाइनकडं यावंच लागतं. 1905 मध्ये त्यानं दाखवलं की 'एकाच वेळी' हे प्रत्येकासाठी एकच नसतं, आणि 1915 मध्ये दाखवलं की जागा आणि वेळ मिळून जे काही आहे ते वस्तुमानानं वाकतं. न्यूटनचा सगळीकडं सारखा वाहणारा काळ इथं संपला. तुमच्या मोबाइलमधलं जीपीएस याच्यावर चालतं, वरच्या उपग्रहांतली घड्याळं जमिनीवरच्यापेक्षा दिवसाला सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढं जातात, ती दुरुस्ती केली नाही तर नकाशा दिवसभरातच काही किलोमीटर चुकेल.

मग नातंवाले जिंकले? आइन्स्टाइनची इच्छा तीच होती, माखचं म्हणणं त्याला फार आवडायचं. पण 1917 मध्ये डच खगोलशास्त्रज्ञ विलेम डी सिटरनं त्याच्याच समीकरणांतून असं विश्व काढून दाखवलं ज्यात पदार्थच नाही, तरी जागा आहे, तिला आकार आहे. आणि 14 सप्टेंबर 2015 ला अमेरिकेतल्या लायगो वेधशाळेच्या 4 किलोमीटर लांबीच्या नळ्यांत गुरुत्वीय लहर पकडली गेली, दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली त्याची. नळीच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या रुंदीपेक्षाही शेकडो पटींनी लहान. ती लहर निघाली वस्तूंपासून हे खरं, पण मधली सुमारे 130 कोटी वर्षं ती कुठल्याच वस्तूची नव्हती, ताणली-दाबली जात होती ती जागाच. असंच एक केंद्र आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होतंय. जे ताणलं जातं, ऊर्जा वाहून नेतं, त्याला नुसतं नातं म्हणायला माझं मन धजत नाही. आणि जे वस्तूंमुळं वाकतं त्याला वस्तूंशी देणंघेणं नसलेला कोरा रंगमंच पण म्हणता येत नाही. जागेबद्दल मी इथं उभी आहे: 'कुठं' हे नात्याचं आहे, 'वाकडं की सरळ, फिरतंय की नाही' हे नात्यापलीकडचं आहे.

हे सगळं करताना एक चूक हमखास होते. लोक डोळे मिटून वस्तू एकेक काढतात आणि म्हणतात, बघा, काळोखी रिकामी जागा उरली की. नाही उरली, तुम्ही स्वतः तिथं बघायला उभे आहात, तुमचे डोळे एका बाजूला आहेत, वर-खाली आहे. रिकामी खोली म्हणताना आपण भिंती ठेवतो तसंच हे. स्वतःला पण बाहेर काढा, मग काय उरतं ते चित्रातून दिसणार नाही, फक्त विचारानंच सापडेल.

वेळ शेवटी ठेवली कारण ती जास्त अवघड आहे. काहीच न बदलता वेळ जाऊ शकते का? अमेरिकन तत्त्वज्ञ सिडनी शूमेकरनं 1969 मध्ये एक युक्ती काढली, ती मी सोलापूरवर बसवून घेतली. समजा जगात फक्त तीनच भाग आहेत, पूर्व भाग, जुळे सोलापूर आणि होटगी रोड. पूर्व भाग दर 3 वर्षांनी एक वर्ष पूर्ण गोठतो, माग, माणसं, चहाची वाफ, सगळं. जुळे सोलापूर दर 4 वर्षांनी, होटगी रोड दर 5 वर्षांनी. गोठलेल्यांना काही कळत नाही, पण बाकीचे बघत असतात आणि सांगतात, तुमचं एक वर्ष गेलं. हे सगळे हिशोब वह्यांत जुळतात, एकदाही चुकत नाहीत. आता पाटीवर पाढे मांडा, 60 व्या वर्षी तिन्ही एकदम गोठतात. बघणारं कुणीच नाही. त्या वर्षी काहीच बदललं नाही, तरी एक वर्ष गेलं असं म्हणायला त्या लोकांकडं चांगलं कारण आहे. ते नाकारायचं तर 60 व्या वर्षापुरता नियम मोडावा लागेल, आणि तो का मोडायचा याला काही आधार नाही.

मित्रमंडळींत हे सांगून बघा, एखादा तरी नेमका प्रश्न विचारतोच: वर्षभरानंतर ते परत सुरू कशामुळं झालं? हाच खरा घाव आहे. लाइट गेल्यावर माग आपोआप चालू होत नाही, लाइट बाहेरून यावी लागते. सगळंच गोठलं तर बाहेर काही नाही, आणि आत काहीच हलत नाही, मग पहिल्या दिवशी सुरू न होता तीनशे पासष्टाव्या दिवसानंतर सुरू व्हायला कारण कोणतं? एकच कारण उरतं, गेलेला वेळ. म्हणजे नुसता वेळ जाण्यानं काहीतरी घडतं असं मानावं लागतं. शूमेकरला ही अडचण माहीत होती, त्यानं ती लपवली नाही. मला वाटतं त्यानं एवढंच सिद्ध केलं की बदलाशिवाय वेळ ही कल्पना फुटकी नाही, तिच्यात विसंगती नाही. तसं कधी होतं की नाही हे वेगळं.

त्या दिवशी कारखान्यात पाऊण तासानं लाइट आली. मामांनी बटण दाबायच्या आधी चाक हातानं फिरवून धोटा परत पेटीत घेतला, तुटलेलं एक टोक बांधलं, मग माग सोडला. हातभर चादर पुढं सरकल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं आणि विणलेल्या भागावरून बोट फिरवायला लावलं. एक बारीक आडवी रेघ हाताला लागली. म्हणाले, इथं लाइट गेली होती. मी विचारलं, माग तर बंद होता, मग रेघ कशी आली? ते म्हणाले, माग बंद होता बाळा, सूत बंद नव्हतं, ताण्यावर ताण तसाच होता, ते पाऊण तास सैल पडत होतं, म्हणून पहिले एक-दोन बाणे, म्हणजे आडवी सुतं, नीट ठोकले गेले नाहीत. साठाव्या वर्षी सूत पण थांबलेलं असतं, चादरीवर ही रेघ येत नाही. तुम्ही तुमचा कागद काढा, थोरला-धाकटाच्या खाली ही रेघ आणि रेघ नसलेली चादर दोन्ही काढा, आणि दुसऱ्या चादरीला वर्षभर वेळ झाला असं लिहायला पेन उचलतं का बघा. माझं आज उचलत नाही.